सैनिकाचे पाऊल आणि लष्करी बूट : कामठी छावणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लष्करी इतिहासाच्या अभ्यासात लढाया, तह, सेनानी आणि शस्त्रास्त्रे यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे सैनिकाच्या दैनंदिन गरजांना मिळत नाही. अन्न, वस्त्र आणि निवारा यांचा उल्लेख निदान रसदीच्या प्रकरणात तरी होतो. पादत्राण मात्र बहुधा दुर्लक्षितच राहते. वास्तविक, पायदळ हे नावच पायावरून पडलेले आहे. पायदळाची चाल, त्याचा टिकाव आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्याची त्याची क्षमता ही अखेर शिपायाच्या पावलावर आणि त्या पावलात असलेल्या बुटावर अवलंबून असते. टाचेला आलेला फोड किंवा चवड्याखाली वाढलेले कुरूप यांची नोंद विजयाच्या वृत्तांतात होत नाही. परंतु तुकडीतले किती शिपाई मागे पडले याच्या हिशेबात ती निश्चितच असते.

नागपूर जिल्ह्यातील कामठी हे गेली दोनशे वर्षे छावणीचे गाव आहे. मद्रास लष्कराच्या पलटणी, महार रेजिमेंट, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स आणि राष्ट्रीय छात्रसेनेची अधिकारी प्रशिक्षण अकादमी अशा विविध संस्था वेगवेगळ्या काळात या गावाशी निगडित झाल्या. त्यामुळे 'बूट पायाच्या मापाचा असावा की पायाने बुटाच्या मापाचे व्हावे?' या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कामठी हे एक योग्य स्थळ ठरते. प्रस्तुत लेखात लष्करी पादत्राणाचा विकास, मापांची पद्धती, पायाचे विकार असलेल्या सैनिकाची अडचण आणि त्यावर योजले गेलेले उपाय यांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेतला आहे.

कामठी छावणीची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १८१७ मध्ये झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसले राज्यावर इंग्रजांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. तैनाती फौजेसाठी नागपूरच्या ईशान्येस सुमारे १६ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये कामठीची छावणी वसविण्यात आली. येथे प्रामुख्याने मद्रास लष्कराच्या पलटणी ठेवल्या जात. छावणीपाठोपाठ बाजार आला. धान्याचे व्यापारी, विणकर, शिंपी, धोबी आणि चामड्याचे काम करणारे कारागीर येथे स्थायिक झाले. 'गोरा बाजार' हे नाव त्या काळाची साक्ष आजही देते. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आल्यावर कामठीचा व्यापार हळूहळू नागपूरकडे वळला. छावणीचे महत्त्व मात्र टिकून राहिले.

पादत्राणाच्या दृष्टीने येथील भूगोल लक्षात घेणे आवश्यक आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल तळव्याला लागून राहतो आणि बुटाचे वजन वाढवितो. उन्हाळ्यात उष्णतेने पाऊल सुजते. त्यामुळे हिवाळ्यात नीट बसणारा बूट वैशाखात चावू लागतो. पावसाळ्यात ओल्या मोज्यांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. एकाच पायाची वर्षभरात अशी तीन रूपे दिसत असताना कोठारातून मिळणारा जोड मात्र एकाच मापाचा असतो, ही या प्रश्नातील मूळ अडचण होय.

वहाणेकडून बुटाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास लष्करातील देशी शिपाई बहुधा वहाणा वापरीत. उष्ण हवामानात वहाण सोयीची होती. बोटे मोकळी राहत, पाऊल सुजले तरी पट्टा सैल करता येई आणि दुरुस्ती कोणत्याही गावच्या कारागिराकडून होई. चामड्याच्या वस्तूंविषयीची शिपायांची संवेदनशीलता इंग्रजांना १८०६ च्या वेल्लोर येथील उठावात अनुभवास आली होती. नव्या पद्धतीच्या शिरोभूषणातील चामड्याचा तुरा हे त्या उठावाचे एक कारण होते. त्यामुळे पोशाखातील बदल सावधगिरीने केले जाऊ लागले.

युरोपातही बुटाचा इतिहास फार सुखाचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उजव्या व डाव्या पायाचे बूट अनेकदा एकाच आकाराचे असत. वापरून वापरून ते त्या त्या पायाचे होत. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस कॅम्पर याने १७८१ मध्येच बुटाचा आकार पायाच्या रचनेनुसार असावा असे प्रतिपादन केले होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात अभियंता मार्क ब्रुनेल याने लंडनजवळ बॅटरसी येथे यंत्राच्या साहाय्याने सैनिकी बूट तयार करण्याचा कारखाना काढला. त्यात युद्धात जायबंदी झालेले सैनिक काम करीत. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई संपली, मागणी थांबली आणि कारखानाही बुडाला. परंतु ठरावीक मापांत, मोठ्या संख्येने बूट तयार करण्याची कल्पना तेथे रुजली. पुढे १८५८ मध्ये अमेरिकेत लायमन ब्लेक याला तळ शिवण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले आणि अमेरिकी यादवी युद्धाने या यंत्राला बाजारपेठ मिळवून दिली.

भारतात १८५७ च्या उठावानंतर लष्करी चर्मोद्योगाचे केंद्र कानपूर येथे उभे राहिले. १८६० च्या दशकात तेथे सरकारी खोगीर व साज कारखाना निघाला आणि १८८० च्या दशकात कूपर ॲलन या कंपनीने सैनिकी बुटांचे उत्पादन सुरू केले. कानपूरच्या परिसरात बाभळीची साल विपुल होती आणि कातडी कमावण्यासाठी ती उत्तम होती. पहिल्या महायुद्धात कानपूरच्या कारखान्यांना मोठी मागणी आली. त्याच काळात मद्रास इलाख्यात कमावलेली कातडी ब्रिटनमध्ये सैनिकी बुटांचा वरचा भाग तयार करण्यासाठी नेली जात असे.

या काळातील प्रसिद्ध बूट म्हणजे 'ॲम्युनिशन बूट'. जाड चामड्याचा, घोट्यापर्यंत येणारा, तळाला खिळे आणि टाचेला लोखंडी नाल असलेला हा बूट १८८० च्या दशकापासून सुमारे पाऊणशे वर्षे ब्रिटिश लष्करात टिकला आणि भारतीय सैन्यातही रूढ झाला. तो टिकाऊ होता, कवायतीत त्याचा आवाज भारदस्त येई. परंतु तो नवा असताना अत्यंत कठीण असे. पायाला तो 'वळवून घेणे' हा प्रत्येक रंगरुटाच्या प्रशिक्षणाचा अलिखित भाग होता. याच काळात वायव्य सरहद्दीवरील पलटणी मात्र डोंगराळ मुलखात चपला वापरीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटातील ब्रिटिशांच्या दूर पल्ल्याच्या टेहळणी तुकडीनेही याच सरहद्दी चपला स्वीकारल्या. म्हणजे लष्करी शिस्त आणि बंद बूट यांचे नाते अपरिहार्य नव्हते. जेथे गरज तीव्र होती तेथे पायाचे म्हणणे ऐकले गेले.

माप, फर्मा आणि कारखाना

मोचीकडे बूट शिवून घेताना तो पायाखाली कागद ठेवून बाह्यरेषा काढतो, चवड्याचा घेर दोरीने मोजतो आणि अंगठ्याचे हाड वाढलेले असल्यास फर्म्यावर, म्हणजे कलबुतावर, त्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवितो. बूट त्या विशिष्ट पायासाठी तयार होतो. कारखान्यात हा क्रम उलटा होतो. तेथे फर्मा आधी ठरतो, त्यावर हजारो जोड तयार होतात आणि त्या जोडांपैकी आपल्या पायाला जवळचा कोणता हे शिपायाला शोधावे लागते.

ब्रिटिश मापपद्धतीत दोन लगतच्या क्रमांकांतील अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. हे अंतर सातूच्या एका दाण्याच्या लांबीवरून आलेले आहे. आपल्याकडेही कौटिलीय अर्थशास्त्रात आठ यव म्हणजे एक अंगुल असे परिमाण दिलेले आहे. धान्याच्या दाण्याने लांबी मोजण्याची रीत दोन्ही संस्कृतींत होती, एवढाच त्याचा अर्थ. व्यावहारिक अडचण अशी की, पायाला लांबीबरोबर रुंदी आणि घेरही असतो. एकाच लांबीच्या दोन पावलांच्या चवड्याच्या घेरात बोटभर फरक सहज असू शकतो. कोठारात लांबीचे क्रमांक पुरेसे असले आणि रुंदीचे प्रकार अपुरे असले, तर रुंद पायाच्या शिपायापुढे दोनच मार्ग उरतात. चवड्याला दाबणारा जोड घालावा किंवा एक-दोन क्रमांक मोठा जोड घ्यावा. मोठ्या जोडात बोटांना जागा मिळते, पण टाच वरखाली सरकते, बूट वाकण्याची रेषा पायाच्या वाकण्याच्या रेषेशी जुळत नाही आणि टाचेला फोड येतात. पायाचा विकार अनेकदा अशा तडजोडीतून निर्माण होतो किंवा बळावतो.

या प्रश्नाचा एक पद्धतशीर लष्करी अभ्यास अमेरिकेत झाला. लष्करी वैद्य एडवर्ड मन्सन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने चार वर्षांत सुमारे २,००० सैनिकांच्या पायांची तपासणी केली. त्यावरील मन्सन यांचा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगठ्याची आतली कड सरळ ठेवणारा आणि चवड्याला मोकळी जागा देणारा नवा फर्मा त्यांनी सुचविला. त्याहून महत्त्वाची होती ती माप घेण्याची रीत. सैनिकाने पाठीवर ४० पौंडांचे ओझे घेऊन, सर्व भार एका पायावर टाकून उभे राहावे आणि त्या अवस्थेत पाऊल मोजावे, असा नियम झाला. बसलेल्या माणसाचे आणि ओझे घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पाऊल सारखे नसते, हे साधे सत्य त्यामुळे नियमात आले. पुढे पश्चिमेकडील अनेक लष्करांनी पायाची लांबी व रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये दर्शविणारी मापपद्धती स्वीकारली, ती याच विचाराची परिणती म्हणावी लागेल.

विकारग्रस्त पाऊल आणि लष्करी वैद्यक

लष्करी जीवनात उद्भवणाऱ्या पायाच्या तक्रारी स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. फोड, कुरूप, चिखल्या आणि भेगा या त्वचेच्या तक्रारी पहिल्या प्रकारात येतात. सपाट तळवे, फार उंच कमान, अंगठा वाकणे आणि बोटे आखडणे या रचनेच्या तक्रारी दुसऱ्या प्रकारात मोडतात. तिसरा प्रकार अतिश्रमाने होणाऱ्या इजांचा होय. प्रशियाच्या लष्करातील वैद्य ब्राइटहाउप्ट याने १८५५ मध्ये कूच केल्यानंतर सैनिकांच्या चवड्याला येणाऱ्या वेदनादायक सुजेचे वर्णन केले. शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती सूज म्हणजे चवड्याच्या हाडाला गेलेली बारीक चीर असल्याचे सिद्ध झाले. 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव त्यावरूनच रूढ झाले. या चाळीस वर्षांत ज्यांचे पाय दुखत होते त्यांच्या वेदनेला दृश्य पुरावा नव्हता. ज्याची वेदना दिसत नाही तो शिपाई कामचुकार ठरण्याचा धोका असतो, हे यातून स्पष्ट होते.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न अधिक तीव्र झाला. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये पाणी भरलेल्या खंदकांत उभ्या असलेल्या भारतीय आणि ब्रिटिश सैनिकांचे पाय ओल आणि थंडीने सडू लागले. घट्ट बूट आणि घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या यांमुळे रक्ताभिसरण आणखी मंदावत असे. पुढे कोरडे मोजे, तेलाचे मालीश आणि अधिकाऱ्यांकडून पायांची नियमित तपासणी हे उपाय सक्तीचे झाले. तुकडीत अशा रुग्णांची संख्या वाढणे हा तुकडीच्या शिस्तीचा दोष मानला जाऊ लागला. या धोरणाने तपासणी नियमित झाली, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर दुखण्याची जबाबदारी काही अंशी दुखणाऱ्यावरच टाकली गेली, हेही नाकारता येत नाही.

मराठी सैनिकांच्या दृष्टीने मेसोपोटेमियाची मोहीम विशेष वेदनादायक ठरली. कुत-अल-अमारा येथे वेढल्या गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करल्यानंतर सुमारे १३,००० जणांना वाळवंटातून शेकडो मैल चालत नेण्यात आले. वाटेत अन्नासाठी अनेकांनी बूट विकले, काहींचे हिरावले गेले आणि पुढील वाट त्यांनी अनवाणी किंवा पायाला चिंध्या गुंडाळून काढली. बूट हा सैनिकाच्या जगण्याचा किती मोठा आधार असतो, हे त्या वाटचालीने दाखवून दिले.

सपाट तळव्यांचा प्रश्न

पायाच्या विकारांपैकी सपाट तळव्यांइतका गैरसमज दुसऱ्या कशाविषयीही झालेला नाही. तळव्याची कमान टेकलेली असली की माणूस चालण्यास अयोग्य, असा समज विसाव्या शतकात जगभरच्या भरती केंद्रांवर दृढ होता. गावोगावचे तरुण भरतीपूर्वी ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून आपली कमान पाहतात, ही प्रथा याच समजातून आली आहे.

वैद्यकीय संशोधनाने मात्र हा समज बऱ्याच अंशी दुरुस्त केला. हॅरिस आणि बीथ या कॅनडातील वैद्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांचे पाय तपासले आणि १९४७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साधा लवचिक सपाट तळवा हा विकार नसून पायाच्या रचनेतील एक स्वाभाविक भेद आहे, असे त्यांनी दाखवून दिले. १९९३ मध्ये अमेरिकी पायदळातील रंगरुटांच्या पाहणीत तर सपाट तळव्यांच्या सैनिकांपेक्षा उंच कमानीच्या सैनिकांना अधिक इजा झाल्याचे आढळले. भारतातही १९९२ मध्ये राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत ते २.८ टक्के होते. बंद बूट लहानपणी जितका लवकर पायात येतो तितकी कमान घडण्यास अडथळा होतो, असा या पाहणीचा रोख होता. जो तरुण शेतात अनवाणी वाढला, त्याचे पाऊल रुंद पण सुदृढ असते. आणि त्याच रुंद पावलाला कारखान्यातील अरुंद बूट सर्वाधिक चावतो, हा विरोधाभास येथे लक्षात घ्यावा लागतो.

भारतीय सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही हा विवेक दिसतो. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर उड्या मारू व धावू शकत असेल आणि पाय लवचिक व वेदनारहित असतील, तर सपाट तळव्यांमुळे त्याला नाकारले जात नाही. ताठर सपाट तळवा मात्र अपात्र ठरतो. निकष नीट समजावून सांगितला गेला नाही, तर एखादा पात्र तरुण घरच्या फरशीवरील ठशावरूनच स्वतःला अपात्र ठरवून बसतो. म्हणून या माहितीचा प्रसार आवश्यक आहे.

चामडे, जात आणि बूट

महाराष्ट्रात लष्करी बुटाचा विचार सामाजिक संदर्भाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. 'पायीची वहाण पायीच बरी' या म्हणीत वहाणेचे आणि ओघाने ती तयार करणाऱ्याचेही स्थान ठरवून दिलेले आहे. अनेक गावांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने वरच्या जातींच्या वस्तीतून पायात वहाण घालून जाऊ नये, असा दंडक होता. ज्या समाजाने चामडे कमावले आणि जोडे शिवले, त्यालाच ते पायात घालण्याची मोकळीक नव्हती.

या पार्श्वभूमीवर सैनिकी बुटाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती विसर्जित झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भरतीसाठी सातत्याने पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि पाठोपाठ दुसरी बटालियन कामठी येथे उभारण्यात आली. १९४६ मध्ये रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि रेजिमेंटल सेंटर कामठी येथे आले. पुढे ते सागर येथे गेले. या बटालियनमध्ये दाखल होणाऱ्या तरुणाला सरकारने दिलेला बूट हा केवळ पोशाखाचा भाग नव्हता. तो घालून गावच्या रस्त्याने चालणे हे एका जुन्या बंदीचे उल्लंघन होते. अशा बुटाने पाय सोलवटला तरी त्याविषयी तक्रार करणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते. प्रतिष्ठेची वस्तू चावत असली तरी ती सहजासहजी परत केली जात नाही.

रेजिमेंटचा मोची आणि पुण्याचे केंद्र

कारखान्यातील बूट आणि प्रत्यक्ष पाऊल यांतील अंतर भरून काढण्याचे काम लष्करात दीर्घकाळ रेजिमेंटच्या मोच्याने केले. भारतीय सैन्यात साज व बूट दुरुस्त करणाऱ्यांचे स्वतंत्र पद आहे. फर्म्यावर बूट ताणून चवड्याची जागा वाढविणे, कुरूपाच्या जागी आतून चामडे पातळ करणे, टाचेला पाचर लावणे, आत मऊ तळ घालणे ही कामे आरी, रांपी आणि फर्मा यांच्या साहाय्याने होतात. वैद्यकाने या कारागिरीला शास्त्रीय आधार दिला. लिव्हरपूलचे अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस यांनी टाचेची आतली बाजू पुढे वाढवून किंचित उंच करण्याची पद्धत सुचविली. सपाट तळव्यांच्या रुग्णांसाठी 'थॉमस हील' या नावाने ती आजही परिचित आहे.

अधिक गंभीर विकृती किंवा जखम असलेल्या सैनिकांसाठी पुणे येथे १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी ते सुरू झाले. पायाच्या आकारानुसार बदल केलेली पादत्राणे तयार करण्याचे कामही अशा केंद्रांत होते. नागरी क्षेत्रात वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगामुळे संवेदना गेलेल्या पावलांचा अभ्यास करून सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ तळाची पादत्राणे प्रचारात आणली. पायावरील दाब एका ठिकाणी साचू न देता सर्व तळव्यावर पसरविणे, हे त्यामागील तत्त्व सैनिकाच्या पायालाही तितकेच लागू पडते.

सुधारणेबाबत एक सावधगिरीही बाळगणे इष्ट आहे. गेल्या दोन दशकांत अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन कोअरमध्ये तळव्याच्या आकारानुसार वेगवेगळे धावण्याचे बूट देऊन प्रयोग करण्यात आले. त्यामुळे इजांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. म्हणजे कमानीचे वर्गीकरण करून ठरावीक प्रकारचा बूट देणे हाही एका नव्या साच्याचाच प्रकार ठरतो. लांबी, रुंदी आणि घेर यांनुसार नीट बसणारा जोड, श्रमात क्रमाक्रमाने वाढ आणि दुखण्याची वेळीच दखल या जुन्या गोष्टींना पर्याय नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि महाविद्यालयीन संबंध

स्वातंत्र्यानंतर बुटाची जबाबदारी प्रामुख्याने कानपूरच्या आयुध साहित्य कारखान्याकडे आली. खिळ्यांच्या तळाची जागा पुढे रबरी तळाच्या बुटांनी घेतली. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धात सुती पोशाख आणि कॅनव्हासचे बूट घालून सैनिकांना हिमालयात लढावे लागले. या अनुभवाने पादत्राणाचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेत आला. तरीही तो कायमचा सुटला असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंच प्रदेशातील सैनिकांना बहुउपयोगी बूट वेळेवर न मिळाल्याने जुने बूट पुन्हा वापरावे लागल्याची नोंद आहे.

कामठीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या रेजिमेंटचे वैशिष्ट्य असे की, तिची भरती एका जातीपुरती किंवा प्रांतापुरती मर्यादित नाही. डोंगराळ भागातला, किनारपट्टीवरचा, शेतात अनवाणी वाढलेला आणि शहरात बूट घालून शाळेत गेलेला, असे सर्व प्रकारचे तरुण येथे एकाच कवायतीच्या मैदानावर उभे राहतात. ही विविधता जितकी मोठी, तितकी मापांची गरजही मोठी असते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा कामठीशी संबंध राष्ट्रीय छात्रसेनेमुळे येतो. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संघटनेत सहयोगी अधिकारी म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकांना कामठीच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण घ्यावे लागते. वर्गात अध्यापन करणारी व्यक्ती तिशीच्या आसपास प्रथमच लष्करी बूट पायात घालते, तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या रंगरुटापेक्षा तिच्या पायाला अधिक त्रास होणे स्वाभाविक आहे. १९६३ ते १९६८ या काळात छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची होती, तेव्हा हजारो विद्यार्थ्यांच्या पायांत प्रथमच असा बूट आला. पायाची तक्रार करणाऱ्या छात्राकडे पाहताना या इतिहासाचे भान ठेवणे प्रत्येक सहयोगी अधिकाऱ्याला उपयुक्त ठरेल.

या प्रश्नाला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर शास्त्रीय आधार मिळाला आहे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींच्या पायांची त्रिमितीय यंत्राने मोजणी केली. भारतीय पाऊल युरोपीय वा अमेरिकी पावलापेक्षा सामान्यतः रुंद असल्याचे त्यात आढळले. त्यावरून 'भा' या नावाने भारतीय मापपद्धती प्रस्तावित करण्यात आली. म्हणजे जवळजवळ दीड शतक भारतीय सैनिक ज्या मापांचे बूट घालून चालला, ती मापे मुळात त्याच्या पायाची नव्हती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, लष्करी बूट वहाणेकडून कारखान्याकडे गेला तेव्हा टिकाऊपणा व एकरूपता साध्य झाली. परंतु माप ठरविण्याचा अधिकार पायाकडून फर्म्याकडे गेला. दुसरा, सैनिकांच्या पायाचे अनेक विकार जन्मजात नसून बुटाची अपुरी रुंदी, चुकीचे माप आणि अतिश्रम यांतून निर्माण झालेले असतात. तिसरा, सपाट तळव्यांसारख्या रचनाभेदाला सरसकट दोष मानणे शास्त्राला धरून नाही. चौथा, रेजिमेंटच्या मोच्याचे कौशल्य हे लष्करी वैद्यकाचे पूरक अंग आहे आणि त्याला त्या दृष्टीने मान्यता मिळणे योग्य ठरेल. पाचवा, माप सायंकाळी, लष्करी मोजे घालून, दोन्ही पायांचे, उभ्या अवस्थेत आणि ओझ्यासह घ्यावे, हा १९१२ पासून ज्ञात असलेल्या तत्त्वांवर आधारित नियम आजही पाळण्यासारखा आहे. त्याला खर्च नगण्य येतो. दर सैनिकामागे काही मिनिटांचा वेळ मात्र द्यावा लागतो.

कामठीच्या मैदानावर दोनशे वर्षांत अनेक निशाणे बदलली, पलटणी आल्या आणि गेल्या. उन्हात तापलेल्या जमिनीवर चालणारे पाऊल मात्र तेच राहिले. त्या पावलाच्या तक्रारीची वेळीच दखल घेणे हा सैनिकाच्या आरोग्याचा भाग आहे, तसाच तो लष्करी कार्यक्षमतेचाही भाग आहे.